स्पॅम संदेश : ओळख आणि तक्रार

न मागता घाऊक पाठवलेला जाहिरातीचा वा फसवणुकीचा संदेश म्हणजे स्पॅम. बिल थकले, आज रात्री साडेनऊला वीज तोडू, ‘अधिकाऱ्याला’ फोन करा, हा २०२२च्या सुमाराचा गाजलेला मासला. महावितरणने त्याबाबत ग्राहकांना सावध केले होते. मुंबईतल्या मढला वीज अदानी इलेक्ट्रिसिटीची, म्हणून तिथे महावितरणच्या नावाने आलेली धमकी उघड खोटी. पण कंपनीचे नाव बरोबर असले तरी वीज कायदा, २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. त्यामुळे मजकुरातली घाई हीच पहिली खूण. दुसरी खूण पाठवणारा: दहा आकडी खासगी क्रमांकावरून अशी सूचना आली की संशय घ्यावाच.

क्रमांक ब्लॉक केला की झाले, तक्रारीने काय होणार, असा आक्षेप असतो. ब्लॉकने आपलाच फोन वाचतो. तक्रारीचे तसे नाही: दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या २०२५च्या दुरुस्तीनुसार नोंदणी नसलेल्या प्रेषकाविरुद्ध १० दिवसांत ५ तक्रारी झाल्या तरी कारवाई सुरू होते, पूर्वी ७ दिवसांत १० लागत. चोर नवे सिम घेतात हे खरे, तरी एकेका क्रमांकाचे आयुष्य घटते, आणि तेवढ्यात कुणा म्हाताऱ्या माणसाची पुंजी वाचते. जाहिरातीची तक्रार १९०९ वर सात दिवसांत करावी. फसवणुकीचा संशय सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावरील ‘चक्षू’ सुविधेत कळवावा. पैसे गेले असतील तर विलंब न लावता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा.