हबीब तन्वीर : शैलीचा शोध

रायपूर आणि नागपूर यांचे नाते जुने आहे. भोसल्यांच्या अमदानीत छत्तीसगडचा कारभार नागपूरहून चाले. पुढे इंग्रजांच्या काळी आणि स्वातंत्र्यानंतरही, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत, रायपूरची राजधानी नागपूरच होती. तेव्हा रायपुरातील एखाद्या होतकरू मुलाने मॅट्रिक होऊन नागपूरच्या मॉरिस कॉलेजात नाव घालावे, यात नवल काहीच नव्हते. १ सप्टेंबर १९२३ रोजी रायपुरात जन्मलेल्या हबीब अहमद खान यांनी तेच केले आणि १९४४ साली ते तेथून पदवीधर झाले. ‘तन्वीर’ हे उपनाम त्यांनी कवितेसाठी घेतले होते. पुढे ते नाव नाटककार म्हणून जगभर गेले. परंतु आरंभी त्यांच्या मनात होते ते उर्दू कवी व्हावे आणि जमल्यास सिनेमात नट व्हावे, एवढेच.

तरुण कलावंताला आपली शैली कशी सापडते, हा प्रश्न आपण बहुधा चुकीच्या बाजूने विचारतो. त्याने काय काय शिकले याची यादी करतो आणि त्या यादीच्या बेरजेला शैली म्हणतो. हबीब तन्वीर यांच्या बाबतीत ही बेरीज जमतच नाही. शिक्षण त्यांनी विपुल घेतले. पण शैली हाती आली ती त्यातले बरेच बाजूला सारल्यावर, आणि तीही वयाच्या पन्नाशीला.

शिक्षणाचा आरंभ रायपूरच्याच लॉरी म्युनिसिपल शाळेत झाला. तेथे शेक्सपिअरच्या ‘किंग जॉन’मधल्या बालराजपुत्र आर्थरचे काम त्यांनी केले. सुटीत आजोळच्या गावी जावे, तर तेथे शेतमजुरांची गाणी कानांवर पडत. एका कानात शेक्सपिअर आणि दुसऱ्या कानात छत्तीसगडी ददरिया, असे हे बालपण होते. पण यांपैकी दुसऱ्या कानाचे महत्त्व त्या वयात कोणाला कळते?

१९४५ साली ते मुंबईस आले. आकाशवाणीवर काम केले, चित्रपटांविषयी लिहिले, आणि इप्टा या लोकनाट्य संघात शिरले. तेथे बलराज साहनी दिग्दर्शक होते. एका तालमीत हबीब यांना रडणे काही केल्या साधेना. बलराजजींनी सर्वांदेखत एक सणसणीत थप्पड दिली, आणि डोळ्यांत पाणी येताच ‘आता म्हण’ म्हणून सांगितले. नंतर जवळ घेऊन समजावले की, शरीराला आठवण असते, ती आता तुला सोडणार नाही. ही हकीकत हबीबसाहेब पुढे स्वतःच कौतुकाने सांगत. शिकवण्याची ही रीत मला पसंत नाही; परंतु नटाचे ज्ञान डोक्यापेक्षा देहात असते, हा धडा त्यांना पुढे फार निराळ्या ठिकाणी उपयोगी पडला. त्याच मुंबईत अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक गाजत होते. पोवाडा आणि तमाशा यांतून आजचे बोलणे बोलता येते, हे तेथे दिसत होते.

१९५४ साली ते दिल्लीत आले आणि नझीर अकबराबादी या कवीवर ‘आग्रा बाजार’ रचले. त्यात जामिया मिलियाचे विद्यार्थी आणि शिक्षक होते, आणि शेजारच्या ओखला गावचे लोकही. रंगमंचावर बाजार भरवायचा तर बाजारातलीच माणसे आणावीत, हे त्यांना येथे सुचले. पण त्या सूचनेचा पाठपुरावा न करता ते १९५५ साली लंडनच्या ‘राडा’ या नाट्यशाळेत दाखल झाले. तेथील शिक्षण उत्तम होते, आणि नेमकी तीच अडचण झाली. उच्चार इंग्रजी, आणि उच्चाराला जोडून आलेले चालणे, बसणे, हात हलवणेही इंग्रजी. भाषा बदलली की अंगाची ठेवण बदलते, हे त्यांनी ओळखले. आपल्याला इंग्रजीत नाटक करावयाचे नाही, मग ही ठेवण कशाला? ते बाहेर पडले आणि दिग्दर्शन शिकण्यास ब्रिस्टलला गेले. तेथून युरोप फिरत बर्लिनला पोहोचले, तेव्हा ब्रेख्ट नुकताच, ऑगस्ट १९५६ मध्ये, वारला होता. त्याची नाटके मात्र चालू होती. ती ते महिनोन्‌महिने पाहत राहिले. आणि ब्रेख्टची नक्कल करून ब्रेख्ट होता येत नाही, आपल्याच मातीकडे वळले पाहिजे, या निश्चयाने १९५८ साली स्वदेशी परतले.

परतल्यावर ते घरच्यांना भेटण्यास रायपूरला गेले. आपल्या जुन्या शाळेच्या पटांगणावर रात्री नाचा होणार असल्याचे त्यांना समजले. नाचा म्हणजे छत्तीसगडचा तमाशाच म्हणा: जोक्कड नावाचे विदूषक, स्त्रीवेश घेतलेले पुरुष म्हणजे ‘परी’, पेटी-तबल्याची साथ, आणि गम्मत या नावाची प्रहसने. रात्री सुरू झालेला खेळ उजाडेपर्यंत चालला आणि हबीबसाहेब जागचे हलले नाहीत. त्यांनी ठाकूरराम, मदनलाल, बाबुदास, भुलवाराम अशा सहा कलावंतांना दिल्लीला नेले आणि ‘मृच्छकटिका’चे ‘मिट्टी की गाडी’ बसवले. देवलांच्या नाटकामुळे हे प्रकरण मराठी रसिकाच्या ओळखीचे आहे. शूद्रकाचे पात्र रंगमंचावर एक फेरी मारते आणि नगराच्या दुसऱ्या टोकाला पोहोचते. नाच्यातला नटही तेच करतो. संस्कृत नाटकाची युक्ती खेड्यात जिवंत होती!

येथे गोष्ट संपावयास हवी होती. ती संपली नाही, आणि माझ्या मते हाच या कथेचा गाभा आहे. १९५९ साली मोनिका मिश्र यांच्यासह ‘नया थिएटर’ स्थापन झाले, नट हाताशी होते, तरी काही केल्या रंग भरेना. खेड्यात हजारोंना खिळवून ठेवणारा ठाकूरराम दिल्लीच्या रंगमंचावर अवघडून जाई. कारणे दोन होती. त्याला हिंदीत बोलावयास लावले होते. आणि ‘या वाक्याला डावीकडे दोन पावले, त्या वाक्याला उजवीकडे’ अशी लंडनहून आणलेली शिस्त त्याच्यावर लादली होती. लिहिता-वाचता न येणाऱ्या आणि प्रेक्षकांकडे पाहून जागच्या जागी संवाद रचणाऱ्या नटाला ही शिस्त म्हणजे बेडीच. परक्या भाषेने देह आखडतो, हे जे हबीबसाहेबांनी लंडनमध्ये स्वतःपुरते ओळखले, तेच आपण ठाकूररामला करीत आहोत हे उमगण्यास त्यांना दहा-बारा वर्षे लागली.

१९७३ साली रायपुरात त्यांनी सुमारे महिनाभराचे नाचा-शिबिर घेतले. तीन जुन्या गम्मती एकत्र सांधून ‘गांव के नांव ससुरार, मोर नांव दमाद’ हे नाटक उभे राहिले. भाषा छत्तीसगडी, हालचाली नटांच्या त्यांच्या त्यांनी शोधलेल्या, दिग्दर्शकाने फक्त निवडावे, सांधावे आणि नको ते गाळावे. दिल्लीच्या प्रेक्षकाला शब्द कळले नाहीत, पण नाटक कळले. दोन वर्षांनी, १९७५ साली, विजयदान देथा यांच्या राजस्थानी कथेवरून ‘चरणदास चोर’ आले. सत्याचे व्रत घेतलेल्या चोराच्या या कथेत सतनामी पंथाची पंथी गाणी अशी मिसळली, की ती कथा मूळची छत्तीसगडचीच वाटावी. देवार जातीच्या फिदाबाईंनी त्यात राणीचे काम केले.

आपल्याकडे ‘विच्छा माझी पुरी करा’ने आणि ‘घाशीराम कोतवाल’ने लोकरंगभूमीचा जो लाभ घेतला, तो मोठाच आहे, पण तेथे बहुतेक नागर नटांनी लोकनाट्याचा पोशाख चढवला. हबीबसाहेबांनी तो पोशाख ज्याचा होता त्यालाच पुढे उभे केले. यावर आक्षेपही आला. रवेलीच्या दाऊ मंदराजींसारख्यांनी ज्या नाचा मंडळ्या पदरमोड करून उभ्या केल्या, त्यांचे मोहरे नट दिल्लीकडे गेले आणि मंडळ्या रिकाम्या झाल्या, असे छत्तीसगडात आजही बोलले जाते. हा आक्षेप सहज झटकून टाकता येणार नाही. ठाकूरराम आणि भुलवाराम दिल्लीत गेले नसते, तर आपणास त्यांची नावेही कळली नसती, हे खरे. आणि ज्या गावांना ती आधीच ठाऊक होती, त्या गावांच्या रात्री सुन्या झाल्या, हेही खरे.

१९८२ साली एडिंबरोच्या नाट्यमहोत्सवात ‘चरणदास चोर’ला ‘फ्रिंज फर्स्ट’ पारितोषिक मिळाले. ज्या देशात हबीबसाहेब उच्चार शिकण्यास गेले होते, तेथे सत्तावीस वर्षांनी त्यांचे नट छत्तीसगडीत बोलत होते.