लढाईवरून परतलेली फळमाशी

आंबा वरून सोन्यासारखा, आणि कापला तर आत वळवळणाऱ्या अळ्या! ही करणी फळमाशीची, हे तुम्हांला सांगायला नको. आपल्या आशियातली हीच माशी सातासमुद्रापार कशी पोचली, ते आज पाहू.

दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, अमेरिकेने पॅसिफिक महासागरातली सायपान, ग्वाम ही मारियाना बेटे घेतली. त्या बेटसमूहात माशीने आधीच ठाण मांडले होते. १९४५ मध्ये लढाई संपली. जवान, सामान, विमाने, जहाजे हवाई बेटांवरून माघारी निघाली. घरच्या ओढीत पिशवीतले फळ कोण तपासतो? १९४५-४६ च्या सुमारास माशी हवाई बेटांवर सापडली. नेमके कोणते विमान की जहाज, ते हुडकणे शक्य नाही. पण परतणाऱ्या लष्करी वाहतुकीतूनच ती आली असे कीटकशास्त्रज्ञ मानतात.

बरे, तपासणारा असता तरी काम अवघडच. मादी सालीखाली अंडी घालते, तिथे टाचणी टोचल्याएवढी खूण राहते. फळ हाताला घट्ट लागते, आत अळी गर खात असते.

मग आग्नेय आशियातून एक बारीक परोपजीवी कीटक आणून सोडला. तो माशीच्या अंड्यातच आपले अंडे घालतो. माशी कमी झाली, गेली मात्र नाही. आजही हवाई बेटांवरून अमेरिकेच्या मुख्य भूमीकडे निघालेल्या प्रवाशाचे सामान कृषी तपासनीस पाहतात. लष्करही शिकले. १९९१ च्या आखाती युद्धानंतर परतणाऱ्या गाड्या आणि रणगाडे धुऊन, चाकांतली माती काढून, मगच मायदेशी घेतले.

मारियानांतल्या रोटा या लहान बेटावर मात्र माशीचा पुरता नायनाट झाला, तो १९६३ साली. विमानातून औषधात भिजवलेले पुठ्ठ्यासारखे तुकडे टाकले. विमानाचा असाही उपयोग! त्यात नराला ओढणारे मिथाइल युजेनॉल आणि सोबत विष होते. या मिथाइल युजेनॉलचे आकर्षण ओळखले ते बिहारातल्या पुसा येथे हॉवलेट या कीटकशास्त्रज्ञाने, १९१५ साली. आपल्या तुळशीतही ते असते.

कोकण कृषी विद्यापीठाच्या 'रक्षक' सापळ्यात हेच आमिष वापरतात. पण ध्यानात ठेवा, सापळ्यात नरच अडकतो, मादी नाही. शिवाय गळलेल्या फळातली अळी मातीत शिरून कोष करते. तेव्हा सापळा लावलात तरी झाडाखालची फळे रोजच्या रोज वेचा आणि खोल खड्ड्यात पुरा.