तुंब्यातला आवाज

‘सुख’ हा शब्द ऋग्वेदात येतो तो रथाचे विशेषण म्हणून. ‘ख’ म्हणजे छिद्र, चाकाच्या तुंब्यात आखासाठी पाडलेले भोक. ते ज्याचे नीट बसले आहे, तो रथ ‘सुख’. ‘दुःख’ हाही याच कारखान्यातला शब्द असावा असे काही अभ्यासक मानतात, तर काही तो ‘दुःस्थ’पासून आला असे म्हणतात. या वादात शिरण्याचे आम्हांला कारण नाही. माणसाने आपल्या बऱ्यावाईट अवस्थेचे नाव चाकाच्या भोकावरून घेतले असावे, ही शक्यताच आमच्या विषयाला पुरेशी आहे.

तो विषय आहे चाकाचा आवाज आणि त्या आवाजाला मराठीने दिलेली नावे. आपल्या समीक्षेत नादानुकारी शब्दांना फारसा मान नाही. बालगीतात किंवा ग्रामीण कथेच्या वातावरणनिर्मितीत ते चालतात. विचार वाहून नेण्याची जबाबदारी मात्र त्यांच्यावर कोणी टाकत नाही. मोल्सवर्थच्या कोशात (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) अशा शब्दांची केवढी दाटी आहे! ती पाहून आपण कौतुक करतो आणि पान उलटतो. हे शब्द निदानाची हत्यारे आहेत, हे कोशाच्या पानावर लक्षात येत नाही. त्यासाठी धुळ्याच्या चौफुलीवर यावे लागते.

मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन जुने हमरस्ते धुळ्यात एकमेकांना छेदतात. खानदेशची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, तिची धूळ चाकाच्या सांध्यात शिरते. जळगावकडे पारा पंचेचाळिशी गाठतो तेव्हा हलके वंगण पातळ होऊन ओघळते. पावसाळ्यात फरशीवरून पाणी वाहू लागले की तापलेला तुंबा थंड होताना ते आत ओढून घेतो. बैलगाडीच्या गाडीवानाला हे सारे ठाऊक होते. म्हणून त्याच्या गाडीखाली वंगणाचे नळकांडे टांगलेले असे. कोरड्या आखाची कुरकुर आणि सैल झालेल्या चाकाची खडखड यांत तो गल्लत करीत नसे: पहिलीवर उपाय तेल, दुसरीवर सुतार.

हाच कान पुढे मोटारीला लागला. मद्रासच्या कारखान्यातून १९६१ पासून स्टँडर्ड हेराल्ड बाहेर पडू लागली. मूळची ती इंग्लंडची १९५९ सालची ट्रायम्फ हेराल्ड. हिच्याच सांगाड्यावरून १९६२ साली स्पिटफायर ही दोन आसनी स्पोर्ट्‌स कार बेतली गेली. दोघींच्या मागच्या चाकांची मांडणी एकाच घरातली, म्हणून दुखणेही एकच. (१९७२ च्या गॅझेलमध्ये सलग आख आला आणि ही मांडणी आपल्याकडे संपली.) आतल्या बाजूला गोळ्यांचे बेअरिंग, बाहेरच्या बाजूला सुईसारख्या बारीक रुळांचे, आणि हे रूळ थेट शाफ्टवरच फिरतात. वंगण आटले की बेअरिंगबरोबर शाफ्टलाही खड्डे पडतात. आवाज उशिरा ओळखला तर खर्च दुप्पट, तो यामुळे.

आता ओळखायचे कसे? बेअरिंगची तक्रार गुणगुणीपासून सुरू होते आणि वेगाबरोबर तिचा सूर चढतो. पण टायरही गुणगुणतो. रस्त्याचा पृष्ठभाग बदलताच आवाज बदलला, तर दोष टायरचा. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलताच सूर पालटला, तर कान क्राऊन-पिनियनकडे वळवावा. बेअरिंगला पायाशी फारसे देणेघेणे नाही, त्याचा हिशेब चाकाच्या वेगाशी. गाडी सुटताना एकदाच ‘टक्’ झाले, तर तो क्रॉस. डावे वळण घेताना भार उजव्या चाकावर जातो. तेव्हा गुणगुण वाढली तर संशय उजव्या बाजूवर. मग जॅक लावून चाक हाताने फिरवायचे, स्क्रूड्रायव्हरचे टोक तुंब्याच्या घरावर टेकवून मूठ कानाच्या हाडाशी धरायची. तिथे घरघर ऐकू आली की निदान झाले. चाक वर-खाली धरून हलवल्यावर खडखडले, तरी ती ढिलाई बेअरिंगचीच असे नव्हे. या गाडीत ती खालच्या बुशातूनही येते.

गुणगुण, टक्, घरघर, खडखड: चार शब्दांत चार वेगळे दोष. यांपैकी एकाच्या जागी दुसरा शब्द वापरला, तर चुकीचा भाग खोलला जाईल. कवितेतल्या किती विशेषणांवर इतकी जबाबदारी असते?

बेअरिंगचा इतिहासही कापडगिरणीतून जातो, हे गिरण्यांच्या खानदेशाला परके वाटू नये. स्वीडनच्या गोटेनबर्ग शहरात स्वेन विंगक्विस्ट नावाचा गिरणीतला अभियंता होता. चिकणमातीची जमीन खचे, शाफ्ट वाकडे होत, बेअरिंगे जळत. त्यावर त्याने १९०७ साली स्वतःला सावरून घेणारे गोळ्यांचे बेअरिंग काढले आणि त्यातून एसकेएफ उभी राहिली. याच काळात अमळनेरला प्रताप मिल आकार घेत होती, तीही अशीच फुगणाऱ्या आणि आकसणाऱ्या जमिनीवर. पुण्याजवळ चिंचवडला एसकेएफच्या भागीदारीतली असोसिएटेड बेअरिंग कंपनी निघाली ती १९६१ साली, म्हणजे हेराल्डच्याच वर्षी.

धुळ्यातच इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली वारले आणि त्यांचा मराठी धातुकोश तिथल्याच संशोधन मंडळाने १९३७ साली छापला. मराठी क्रियापदांचे संस्कृत धातूंशी नाते लावण्याचा त्यांचा ध्यास मोठा होता. तरीही ‘कुरकुर’ आणि ‘करकर’ यांचे कूळ सापडले म्हणून त्यांतला फरक कळत नाही. तो एका स्वराचा फरक आहे आणि तो ऐकावाच लागतो.

आता बहुतेक नव्या मोटारींत बेअरिंग तुंब्यासकट सीलबंद येते. त्याला वंगण घालता येत नाही. बिघडले की अख्खा नग बदलतात. वर्तमानपत्रांत ‘घरघर’ बंद पडत चाललेल्या गिरण्यांना आणि संस्थांना लागते, म्हणजे तिथे तिचा अर्थ अंतकाळ. हेराल्डच्या चाकाखाली बसलेल्या मिस्त्रीच्या लेखी मात्र घरघरीचा अर्थ एवढाच, की पुलर आणा, हब ओढा आणि शाफ्टवर बोट फिरवून पाहा. गुळगुळीत लागला तर तो अजून चालेल.