टेलेमानचे चार प्रहर
प्रहर म्हटले की आपल्याला सकाळचा भैरव आणि रात्रीचा मालकंस आठवतो. जर्मनीतील हांबुर्गमध्ये गेओर्ग फिलिप टेलेमान (१६८१–१७६७) याने पंचाहत्तरी ओलांडल्यावर, १७५७ मध्ये, दिवसाच्या प्रहरांवर चार कँटाटा रचल्या. कँटाटा म्हणजे वाद्यमेळासह गायची अनेक भागांची रचना. काव्य त्साखारिए या कवीचे. सकाळ सोप्रानो या उंच स्त्रीस्वरात, दुपार आल्टोत, संध्याकाळ टेनरमध्ये आणि रात्र बास या खर्जाच्या पुरुषी आवाजात. दिवस कलतो तसा गळा पायरीपायरीने खाली येतो. माझ्यासारख्या अभियांत्रिकीच्या शिक्षकाला हा आराखडा फार आवडतो.

टेलेमानला फुलझाडांचे वेड होते. हेंडेल त्याला लंडनहून रोपे पाठवी. पण १७५५ च्या लिस्बन भूकंपानंतर त्यानेच मेघगर्जनेचे भयंकर स्तोत्रही रचले, हे विसरू नका.

परीक्षेत मात्र याला ‘युरोपचा समयसिद्धांत’ म्हणू नका. भातखंडे यांच्या मांडणीत रागाची गाण्याची वेळ ठरते. टेलेमानकडे वेळ हा काव्याचा विषय आहे, चारही प्रहर एकाच बैठकीत गातात. चंदीगडच्या सेक्टर ३० मध्ये मी त्याची ‘रात्र’ पहिल्यांदा ऐकली ती भर दुपारी, आणि काहीही खटकले नाही. मालकंसाचे तसे होत नाही.