बशीतला इतिहास

दिवाळीच्या फराळाचे ताट पुढे आल्यावर त्यातला जिन्नस मूळचा कोठला, याची चौकशी करणे हे काही सभ्य माणसाचे लक्षण नव्हे. आमच्या मानवतला तर पुढे आलेले ताट मुकाट्याने रिकामे करावे, एवढाच शिष्टाचार ठाऊक आहे. तरीही गेल्या वर्षीपासून मला ही खोड जडली, आणि तिला जबाबदार आहे माझी नात.

नात हैदराबादेस नोकरीला असते. गेल्या वर्षी ती इटलीतल्या तुरीन शहरी जाऊन आली. तेथे म्हणे वाटाड्याबरोबर पायी हिंडून ठिकठिकाणची कॉफी आणि गोड पदार्थ चाखण्याची सोय आहे. पैसे भरायचे, दहाबारा माणसांचा जथा जमवायचा आणि एका जाणत्या माणसामागून या दुकानातून त्या दुकानात जायचे. १७६३ पासून चालत आलेल्या एका लहानशा कॉफीगृहात तिने ‘बिचेरिन’ घेतले. काचेच्या पेल्यात चॉकोलेट, कॉफी आणि वर दाट साय अशी थरावर थर. नेपोलियनच्या नाकेबंदीमुळे कोको महाग झाला तेव्हा तिथल्या हलवायांनी त्यात हेझलनट कुटून घातले, आणि त्या टंचाईतून जन्मलेली मिठाई आज त्या शहराची शान आहे. पुढे वाटाड्याने त्यांना १७८० सालचे फिओरिओ नावाचे कॉफीगृह दाखविले. काव्हूर तेथे बसत असे.

काव्हूर म्हणताच मी सावरून बसलो. आमच्या घरात मॅझिनी, गॅरिबाल्डी, काव्हूर ही नावे परकी नव्हती. सावरकरांनी मराठीत आणलेले मॅझिनीचे चरित्र १९०७ साली पुण्यात निघाले आणि सरकारने ते जप्त केले. जप्त झाले म्हणूनच ते घरोघर पोचले. इटली एक झाल्यावर १८६१ ते १८६५ तुरीनच तिची राजधानी होती. ज्या टेबलांशी ते राजकारण शिजले, तेथे माझी नात चमच्याने साय खाऊन आली होती.

“आबा, असं हिंडणं आमच्या हैदराबादेतही असतं,” ती म्हणाली. “या की एकदा. कॉफी, इराणी चहा, मिठाई, सगळं दाखवतात.”

मी ‘बघू’ म्हणालो. मानवतच्या माणसाने हैदराबादेस जाण्यासाठी ‘बघू’ म्हणावे, यात एक सबंध इतिहास आहे. तो थोडक्यात सांगितला पाहिजे.

मानवत त्या काळी पाथरी तालुक्यात होते. जिल्हा परभणी, सुभा औरंगाबाद, राज्य निजामाचे. गाव कापसाची पेठ म्हणून नावाजलेले. १९०० च्या सुमारास गोदावरी खोऱ्याची मीटर गेज रेल्वे सुरू झाली. मनमाडहून निघालेली गाडी औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड, निजामाबाद करीत सिकंदराबादेस जाई. ‘मानवत रोड’ हे स्टेशन गावापासून अंमळ दूर, पण त्याने आमच्या गावाचे तोंड कायमचे हैदराबादेकडे वळविले. वरचे कोर्ट तिकडे, वरचे शिक्षण तिकडे, मोठ्या दुखण्याचा डॉक्टरही तिकडेच. खिशात हाली सिक्का. सात हाली म्हणजे सहा कलदार. दरबारची भाषा आधी फारसी आणि १८८४ पासून उर्दू. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले तेही उर्दू माध्यमाचे. मराठी मुलांसाठी हैदराबादेत १९०७ साली ‘विवेकवर्धिनी’ निघाली, हा त्या वाळवंटातला झरा.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, १९३७ साली उस्मानियात दाखल झाले. दुसऱ्याच वर्षी, १९३८ च्या अखेरीस, वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास मनाई झाली. मुलांनी संप केला, त्यांना काढून टाकण्यात आले, आणि नागपूर विद्यापीठाने त्यांतल्या पुष्कळांना आपल्या पंखाखाली घेतले. पुढे पंतप्रधान झालेले नरसिंह राव त्यांत होते. त्याच लोंढ्यातून अण्णाही नागपूरला गेले. पुढे १९४७-४८ चे रझाकारांचे दिवस आले. मराठवाड्यातली कितीतरी कुटुंबे वऱ्हाडाच्या सरहद्दीपलीकडे गेली, आमचेही गेले. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान शरण आले, १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. गावाचे तोंड पुन्हा वळले. आम्ही भावंडे औरंगाबादेस शिकलो, पुण्यामुंबईस हिंडलो. अण्णा मात्र हैदराबादेत पुन्हा कधी गेले नाहीत. त्या शहराचे नावही ते घेत नसत, ‘तिकडे’ म्हणत.

तिकडची एकच गोष्ट ते सांगत. संपाच्या दिवसांत मुले एका इराण्याच्या हॉटेलात जमत. एका पेल्यावर तीन-तीन तास बसत, पण मालक कुणाला उठवीत नसे. साध्या वेशातला पोलीस आत शिरला की तो गल्ल्यावर बसल्या बसल्या बशी जोराने वाजवी. मग सगळी मुले एकदम परीक्षेच्या अभ्यासावर बोलू लागत. ही गोष्ट सांगताना अण्णा हसत, आणि हसून झाल्यावर गप्प बसत.

अखेर मार्गशीर्षात मी गाडीत बसलो. रूळ आता मोठे झाले आहेत, पण काचीगुड्याचे १९१६ सालचे स्टेशन आपले घुमट आणि मिनार सांभाळून उभे आहे. अण्णा याच फलाटावर पेटी घेऊन उतरले असतील, हा विचार आल्यावाचून राहिला नाही.

आमचा वाटाड्या जुन्या शहरातला तरुण होता. प्रथम त्याने आम्हांला पहाटेच गाडीत घालून शहराच्या दक्षिणेकडील बारकस वस्तीत नेले. ‘बॅरॅक्स’ या शब्दाचे ते बारकस. निजामाच्या पदरी अरबांची पलटण असे, तिची ही वसाहत. ही माणसे येमेनमधल्या हद्रामौत प्रांतातून आलेली. मराठवाड्यातल्या म्हाताऱ्यांना ‘अरब-रोहिले’ हा जोडशब्द चांगला आठवेल. हत्यार बाळगणारे आणि व्याजाने पैसा देणारे म्हणून गावोगाव त्यांचा दरारा होता. त्यांच्या नातवांच्या वस्तीत मी कहवा पीत बसलो होतो.

कॉफीचे मूळ पाहायचे तर ते येथेच. येमेनमधले मोखा हे कॉफीचे जुने बंदर. सतराव्या शतकात हजेहून परतताना बाबा बुदन यांनी मोख्याच्या सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरावर लावल्या, अशी आख्यायिका आहे; तो डोंगर आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. अरबीत पेय ते ‘कहवा’ आणि बी ती ‘बुन्न’. कहव्याचे तुर्कांनी ‘काहवे’ केले, इटालियनांनी ‘काफ्फे’ केले आणि इंग्रजांमार्फत ती आपल्याकडे कॉफी होऊन आली. जुनी मराठी मात्र दाण्यांना ‘बुंद’ म्हणे. म्हणजे तिने तो शब्द थेट अरबांपासून उचलला होता. तुर्की बंदरांतून कॉफी व्हेनिसला गेली आणि १७२० साली तेथे निघालेले फ्लोरियन कॉफीगृह पुढे जगप्रसिद्ध झाले. नात ज्या पेल्यासाठी सातासमुद्रापलीकडे गेली, त्याचे माहेरचे लोक तिच्या बिऱ्हाडापासून तासाभरावर राहत होते!

तेथून चारमिनार. १५९१ साली बांधलेल्या त्या वास्तूच्या सावलीत सकाळी चहाची गर्दी काय वर्णावी! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इराणातून आलेली कुटुंबे मुंबई-पुण्याच्या वाटेने येथेही पोचली. मुंबईचे इराणी बहुतेक जरथोस्ती, हैदराबादचे पुष्कळसे शिया मुसलमान. फारसी जाणणाऱ्या शहरात त्यांना परके वाटले नसावे. त्यांच्या चहाची रीत आपल्यापेक्षा निराळी. चहाचे पाणी झाकणबंद भांड्यात मंद आचेवर दमाला ठेवतात, दूध दुसऱ्या भांड्यात आटवीत ठेवतात आणि दोहोंची गाठ पडते ती थेट पेल्यात. बरोबर उस्मानिया बिस्कूट: अर्धे गोड, अर्धे खारे, तोंडात विरघळणारे. कोणी म्हणतात ते उस्मानिया इस्पितळातल्या रोग्यांसाठी निघाले, कोणी म्हणतात खुद्द निजामाच्या आवडीचे. बिस्कूट संपेपर्यंत दोन्ही कथा खऱ्या मानाव्यात.

पेला रिकामा होताच वाटाड्याने विचारले, “और नक्को, साब?”

मी चमकलो. दखनीतला हा ‘नक्को’ म्हणजे आपला ‘नको’. दखनी माणूस बोलण्यावर जोर देण्यासाठी शेवटी ‘च’ लावतो, तोही आपलाच. आम्ही त्यांच्याकडून कचेरी, जमीन, शिपाई असे शब्द घेतले. त्यांनी आमच्याकडून नकार आणि निश्चय घेतला. सौदा काही वाईट झाला नाही.

पथरगट्टीच्या दगडी कमानींखालून आम्ही नया पुलावर आलो. पलीकडे व्हिन्सेंट एशच्या आराखड्याने उभारलेले आणि १९२५ साली पुरे झालेले उस्मानिया इस्पितळ. त्याच्या आवारात एक चिंच आहे. २८ सप्टेंबर १९०८ च्या मुसीच्या महापुरात दीडशेवर माणसे तिच्या फांद्यांवर चढून वाचली. झाडावर चढताना कोणी कोणाचा धर्म विचारला नसेल. मला अण्णांच्या ‘तिकडे’ची आठवण झाली आणि तिच्यामागून दुसरीही एक. रझाकारांनी आमच्या लोकांवर अत्याचार केले हे खरे. पण संस्थान शरण आल्यावर मराठवाड्यातल्या आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या मुसलमानांवर जे ओढवले, तेही खरे. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्या वेळी मेलेल्यांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला, आणि तो अहवाल कित्येक दशके कपाटात पडून राहिला. आमच्या घरी पहिली गोष्ट पुष्कळदा निघे. दुसरी कधीच निघाली नाही. अण्णांचे ते गप्प बसणे कोणत्या गोष्टीसाठी होते, हे आता विचारायला ते नाहीत.

फेरीचा शेवट १९३५ साली बांधलेल्या मोअज्जमजाही मार्केटजवळ होता. तेथे मिठाया. ‘डबल का मीठा’ म्हणजे डबलरोटीचे, म्हणजे पावाचे, तुकडे तुपात तळून पाकात आणि दुधात मुरवलेले. ‘जौजी का हलवा’ म्हणजे मोड आणलेल्या गव्हाच्या दुधाचा, जायफळ घातलेला हलवा. जौज म्हणजेच जायफळ. हा मी चाखला आणि आईच्या गव्हाच्या चिकाची आठवण झाली.

मग पुढे आला ‘खुबानी का मीठा’. वाळलेले जर्दाळू रात्रभर भिजवून, बिया काढून, साखरेत मऊ शिजवतात. “मग बिया फोडायच्या,” वाटाड्या सांगत होता, “आणि आतला बदाम वर ठेवायचा. फोडायचं काम किचकट. लगीनघरी ते पुरुष करतात, गप्पा मारत.”

मी चमचा तसाच धरून राहिलो.

आमच्या घरी दर पाडव्याला आई जर्दाळूचे गोड करी. मानवतमध्ये दुसऱ्या कोणाच्या घरी ते होत नसे, आणि आम्हांला वाटे की ते आईच्या माहेरचे असावे. बिया फोडण्याचे काम मात्र अण्णांचे. ते ओसरीवर खलबत्ता घेऊन बसत, एकेक बी अलगद फोडीत आणि प्रत्येक वाटीवर दोन-दोन बदाम स्वतः मांडीत. मुलांनी मध्ये हात घातलेला त्यांना चालत नसे. एरवी स्वयंपाकघराकडे न फिरकणारा हा माणूस वर्षातून एकदा एवढ्या निगुतीने काय करीत होता, हे मला सत्तरी उलटल्यावर, परक्या शहरातल्या बाकावर बसून समजले.

“आबा, आवडलं नाही का?” नात विचारीत होती.

“आवडलं,” मी म्हणालो. “आमच्या घरचंच आहे.”

परतताना मी दोन शेर जर्दाळू घेतले. गाडीत नातीने बांधून दिलेला डबा उघडला तर त्यात शंकरपाळे. ती खोड तेथेच लागली. शंकरपाळा हा मूळचा शक्करपारा, म्हणजे साखरेचा तुकडा. फारसीतून निघाला आणि मराठी स्वयंपाकघरात येता येता महादेवाचे नाव घेऊन बसला. त्याला कोणी ‘तू तिकडचा’ म्हणून हटकले नाही. बर्फी आणि हलवा यांनाही कोणी हटकले नाही.

यंदा पाडव्याला नात मानवतला येणार आहे. जर्दाळू तिनेच आणायचे ठरले आहे. खलबत्ता मी माळ्यावरून काढून घासून ठेवला आहे. बिया मीच फोडणार.