झोक, झोका आणि स्विंग

पुण्यातल्या एका गोल्फच्या मैदानावर परवा थ्री आयर्न ही लोखंडी पात्याची काठी घेऊन उभा होतो. पहिले चार चेंडू गवताला चाटत गेले. पाचव्या वेळी चेंडू जागीच राहिला आणि मातीचे ढेकूळ तेवढे दहा पावलांवर जाऊन पडले. काठ्यांची पिशवी वाहणारा बरोबरचा कॅडी इतका वेळ गप्प होता. सहाव्यांदा मी दात-ओठ खाऊन काठी उचलली, तेव्हा त्याला राहवले नाही. म्हणाला, "मारू नका साहेब. झोक जातोय तुमचा."

सल्ला रास्तच होता. पण माझ्यासारख्या माणसाचा तोटा हा, की त्याचे लक्ष सल्ल्यावर न जाता शब्दावर जाते. सहावा चेंडूही वाया गेला, आणि मी 'झोक' डोक्यात घेऊन घरी आलो.

'झोक' म्हणजे तोल, 'झोक' म्हणजे कल, आणि झोकात चालणाऱ्याचा 'झोक' म्हणजे ऐट. 'झोका' आपण झाडाला बांधतो, 'झोकणे' म्हणजे जोराने फेकणे, कामात माणूस स्वतःला 'झोकून' देतो, आणि तोल गेला की 'झोकांडी' खातो. हिंदीत 'झोंका' वाऱ्याचा असतो. गुजरातीत 'झोकुं' म्हणजे बसल्या बसल्या लागलेली डुलकी. संस्कृतात याचे सरळ मूळ सापडत नाही. शब्द देशी असावा, आणि एखादी वस्तू सर्रकन एका बाजूला जाताना होणारा भास त्यात पकडलेला असावा. गंमत अशी, की मुठीची पकड सोडली तर गोल्फ शिकवणाऱ्याला जे जे सांगायचे असते ते सगळे या एका कुटुंबात आले: तोल, कल, लय, फेक, चुकल्यावरची झोकांडी आणि जमल्यावरची ऐट.

मग गोल्फमध्ये काठी फिरवण्याला इंग्रजीत 'स्विंग' म्हणतात, त्याचे काय? मराठीत क्रिकेट आले तेव्हा चेंडूला काठी लागण्याच्या क्रियेला आपण 'फटका' हा शब्द दिला. गोल्फवर मराठीत क्वचित काही छापून येते, त्यातही तोच दिसतो. 'फटका' चाबकाच्या घराण्यातला. अनंत फंदीच्या हातात तो उपदेशाचा काव्यप्रकार झाला, व्यापाऱ्याच्या तोंडी तोटा झाला. आघात मात्र दोन्हीकडे कायम राहिला. तेव्हा 'फटका' हे 'स्विंग'चे भाषांतर चुकीचेच म्हणायचे, असे वाटून मी जुन्या इंग्रजीकडे वळलो आणि चकित झालो. जुन्या इंग्रजीत 'स्विंगन' या क्रियापदाचा अर्थ झुलणे नव्हे. मारणे, बडवणे, फटके देणे! झोडपण्याच्या अर्थाचे 'स्विंज' हे आता जवळपास मेलेले क्रियापद त्याच गोत्रातले. मागेपुढे हेलकावण्याचा अर्थ काही शतकांनंतर आला, आणि बागेतला झोका त्याच्याही मागून आलेला दिसतो. म्हणजे 'फटका' हे हजार वर्षांपूर्वीच्या 'स्विंग'चे नेमके भाषांतर आहे. आजच्या 'स्विंग'चे भाषांतर 'झोका'च. हात उगारण्यापासून हात सैल सोडण्यापर्यंतचा प्रवास या शब्दाने हळूहळू केला. मला तो एका सकाळीत करायचा होता.

आपल्याकडे नेमका उलटा प्रवास झालेला एक शब्द आहे. संस्कृत 'आन्दोलन' म्हणजे झुलणे, हेलकावणे. त्याच्या पोटात 'दोल' आहे. 'डोलणे', 'डोली', 'डोलारा', गलबताची 'डोलकाठी' ही त्याचीच प्रजा असावी, आणि 'डुलकी'सुद्धा. (म्हणजे गुजराती आणि मराठी माणसाने झोपेला दोन वेगळ्या झोक्यांवरून नाव दिले!) दरबारी कानड्यात गांधार आंदोलित असतो तो याच जुन्या अर्थाने. पण वर्तमानपत्रातले 'आंदोलन' म्हणजे मोर्चा, घेराव, धक्काबुक्की. इंग्रजांचा शब्द मारण्याकडून झुलण्याकडे गेला, आपला झुलण्याकडून मारण्याकडे आला. वाटेत कुठेतरी दोघांची गाठ पडली असणार.

आता 'आयर्न'. इथे दोन सापळे आहेत, आणि मी दोन्हींत पाय घातला. लोहाराची 'ऐरण' आणि 'आयर्न' यांचे ध्वनिसाम्य इतके मोहक, की नाते जोडण्याचा मोह आवरत नाही. हिंदीत ऐरणीला 'अहरन' म्हणतात. तिथे लोखंडासाठीचा फारसी 'आहन' आठवतो आणि मोह दुप्पट होतो. पण 'ऐरण' संस्कृत 'अधिकरणी'पासून, म्हणजे 'जिच्यावर ठेवून काम करायचे ती' या अर्थाने आलेली दिसते. तिच्या नावात लोखंड नाहीच. दुसरा सापळा 'अयस्' या वैदिक शब्दाचा. 'अयस्' आणि 'आयर्न' सख्खे भाऊ वाटतात. पण 'अयस्'चे खरे भावंड लॅटिन 'एस', म्हणजे तांबे किंवा कासे. आयर्नचे जुने रूप 'ईसर्न', आणि ते जर्मानिक लोकांनी केल्टांकडून उचलले असावे. लोखंड गाळण्यात केल्ट त्यांच्या पुढे होते. या केल्टिक शब्दामागे काय, यावर पंडितांचे एकमत नाही. कोणी त्याला 'इषिर' म्हणजे जोमदार या शब्दाशी जोडतात, कोणी 'असृज्' म्हणजे रक्ताशी. दुसरे खरे असेल तर गंमतच, कारण आपले 'लोह'सुद्धा मुळात तांबडे: 'लोहित', 'रोहित' त्याचे नातलग. नाव आधी तांब्याचे असावे, मग काळ्या धातूला चिकटले. त्या लोहाचा तुकडा तो 'लोहखंड', आणि झिजून झाले 'लोखंड'.

गोल्फमध्ये लोखंड प्रबळ झाले ते चेंडू बदलल्यामुळे. पूर्वीचा चेंडू चामड्याच्या पिशवीत पिसे ठासून केलेला. लोखंडी पात्याने तो फाटे, म्हणून खेळाडू शक्यतो लाकडी काठ्याच वापरत. १८४८ च्या सुमारास गटापर्चाचा टणक चेंडू आला. 'गटापर्चा' हा शब्द मलायातला. 'गेताह' म्हणजे झाडाचा चीक. मलायातल्या एका झाडाच्या चिकाने स्कॉटलंडच्या लोहारांना धंदा दिला. या लोहारांना 'क्लीकमेकर' म्हणत, कारण लांब पल्ल्याच्या लोखंडी काठीचे नाव 'क्लीक'. स्कॉट बोलीत क्लीक म्हणजे आकडा, अडकवून ओढायचा हूक. सेंट अँड्र्यूजचा टॉम स्ट्यूअर्ट हा नामांकित क्लीकमेकर आपल्या पात्यावर धूम्रपानाच्या पाइपचा शिक्का उमटवी. असे पाते हातात घेतले की कळते, सगळी धार आणि सगळे वजन एका बोटभर पट्टीत आहे. ती पट्टी चेंडूला सापडली तर सापडली.

क्लीकच्या भावंडांची नावेही अशीच चवदार होती. आजचे फाइव्ह आयर्न म्हणजे 'मॅशी', नाइन आयर्न म्हणजे 'निब्लिक'. मॅशी फ्रेंच 'मास्यू'वरून, म्हणजे सोट्यावरून आली असावी. त्या फ्रेंच शब्दामागे लॅटिन 'मातेओला' म्हणजे मोगरी असावी, आणि तिला काही भाषापंडित आपल्या वैदिक 'मत्य'शी, नांगरलेली ढेकळे फोडायच्या औताशी जोडतात. ते खरे असेल, तर त्या सकाळी मी मॅशीच्या मूळ अर्थाला जागलो, एवढे समाधान मानायला हरकत नाही. निब्लिकच्या पोटात 'निब' म्हणजे चोच असावी. आखूड तोंडाचे पाते, म्हणून. १९२० ते १९४० या काळात ही नावे गेली आणि पात्यांवर आकडे आले.

का गेली? त्याचे कारण दांडा. जुना दांडा हिकरी लाकडाचा. 'हिकरी' हे नाव अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून आलेले; त्या झाडाच्या फळांपासून ते जे खाद्य करीत त्याचे ते नाव होते. हिकरी वाकते आणि पिळतेही. घाईने मारले तर पाते मागेच राहते. त्यामुळे हिकरीने खेळणाऱ्याला झुलणे भागच होते. १९२४ मध्ये अमेरिकेत आणि १९२९ मध्ये ब्रिटनमध्ये पोलादी दांड्याला मान्यता मिळाली. एकसारखे दांडे कारखान्यात निघू लागले, तेव्हा संचातल्या काठ्यांना क्रमांक देणे सोयीचे झाले. (आपले 'पोलाद' फारसी 'पूलाद'वरून. अरबीत 'प' नाही म्हणून तिथे 'फूलाद', हिंदीत 'फौलाद'. मराठीने 'प' राखला, तेव्हा तो थेट फारसीतून उचलला असावा.) पोलाद फारसे पिळत नाही, म्हणून ते माणसाला मारायला चढवते. नाव गेले, आकडा आला, आणि त्याबरोबर झोकाही गेला असे मला वाटते.

थ्री आयर्नसारख्या लाँग आयर्नची अडचण 'लॉफ्ट', म्हणजे पात्याचा मागे असलेला कल, या शब्दात आहे. जुन्या नॉर्स भाषेत 'लोप्त' म्हणजे हवा, आकाश, आणि वरची खोली. जर्मन 'लुफ्ट' तोच. मुंबईच्या फ्लॅटमध्ये जुन्या बॅगा टाकायचा लॉफ्टही तोच. थ्री आयर्नचे पाते जेमतेम वीसेक अंश मागे कललेले असते, नाइन आयर्नचे त्याच्या दुप्पट. शिवाय थ्रीचा दांडा साधारण तीन इंचांनी लांब. आकाश इतके थोडे दिसले की माणूस घाबरतो आणि चेंडू स्वतः उचलायला जातो. उचलायला गेला की भार मागच्या पायावर राहतो, काठी आधी जमिनीत घुसते, आणि ढेकूळ पुढे जाते. उपाय उलटा आहे. चेंडू मध्यापेक्षा थोडा पुढच्या पायाकडे ठेवावा, मूठ सैल सोडावी, मागे जाताना घाई करू नये, गवत झाडल्यासारखे पाते चेंडूतून जाऊ द्यावे आणि शेवटी भार पुढच्या पायावर पोचू द्यावा. वर नेण्याचे काम त्या वीस अंशांचे, आपले नव्हे.

१९५० च्या यूएस ओपनमध्ये मेरियनच्या मैदानावर बेन होगनने अठराव्या होलवर वन आयर्न मारले, त्याचे हाय पेस्किनने पाठीमागून टिपलेले छायाचित्र प्रसिद्ध आहे. चेंडू केव्हाच गेलेला, सगळा भार डाव्या पायावर, उजवी टाच उचललेली, काठी खांद्यामागे. आदल्या वर्षीच्या मोटार अपघातात हा माणूस मरता मरता वाचला होता. त्या चित्राला मराठीत एकच शब्द आहे: झोक. तोल या अर्थाने आणि ऐट या अर्थानेही.

आता कॅडीविषयी. 'कॅडी' म्हणजे फ्रेंच 'कादे', घरातला धाकटा मुलगा. तो आला गॅस्कनीच्या 'कापदेत'वरून, आणि त्याच्या मुळाशी लॅटिन 'कापुत' म्हणजे डोके. या कापुतचा सोयरा आपला 'कपाल', म्हणजे मराठी 'कपाळ', असावा असे मानतात. (चहाचा कॅडी वेगळा, तो मलायातल्या 'काती' या वजनावरून.) म्हणजे मैदानावर ज्याच्या खांद्यावर आपण ओझे देतो, नावाप्रमाणे डोके त्याचेच. पुढच्या रविवारी मी त्याचे ऐकले. मूठ सैल सोडली, झोक सांभाळला. दहांतले तीन चेंडू नीट गेले.

राहता राहिली विनंती. 'स्विंग'ला मराठीत 'फटका' न म्हणता 'झोका' म्हणावे, असे माझे मत झाले आहे. पण मैदानावर पिढ्यान्‌पिढ्या काम केलेल्या कॅडींच्या घरांत याहून नेमके शब्द रुळले असतील. कोणाच्या कानावर पडले असतील तर ते टिपून ठेवावेत आणि कळवावेत.