तेलाच्या गावातली काटकसर

1 ऑगस्ट 2015 ला संयुक्त अरब अमिरातीतल्या पेट्रोल पंपांवरचा आकडा बदलला. ‘स्पेशल 95’ हे नेहमीचं पेट्रोल तोवर लिटरला 1 दिरहम 72 फिल्सने मिळत होतं, ते 2 दिरहम 14 फिल्सवर गेलं. सरकारने पेट्रोलवरचं अनुदान काढून भाव जागतिक बाजाराला बांधला आणि दर महिन्याला नवा भाव जाहीर करायला एक समिती बसवली. जुन्या भावाचे रुपये केले तर ते साधारण तीस होत. मुंबईत तेव्हा सत्तरीच्या पुढे मोजावे लागत. अशा मुलखात गाडी ॲव्हरेज किती देते हे कोण विचारणार? विचारलं जाई ते एसीबद्दल.

मग विचारायला लागले. जुलै 2022 मध्ये तेच पेट्रोल 4 दिरहम 52 फिल्सला पोचलं, म्हणजे सत्त्याण्णव रुपयांच्या घरात. मुंबईचा भाव अजूनही वरचढ होता, पण फरक हाताच्या बोटांवर मोजण्याइतका उरला होता. शारजात स्वस्त घरभाडं आणि दुबईत नोकरी असा संसार मांडलेल्या मराठी माणसाला दोन्ही शहरांना जोडणाऱ्या अल इत्तिहाद रस्त्यावरच्या रोजच्या मुंगीच्या चालीने महिन्याला पेट्रोलचे किती दिरहम जातात, हा हिशेब मांडावाच लागला.

पेट्रोल वाचवण्याची विद्या इथे अशी उशिरा पोचली. गंमत अशी की जगभर ती सक्तीची झाली, त्यामागे याच मुलखाचा हात होता. ऑक्टोबर 1973 मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटलं. 17 तारखेला अरब तेलउत्पादक देशांनी कुवेतमध्ये उत्पादन कापायचं ठरवलं आणि दुसऱ्याच दिवशी अबुधाबीने अमेरिकेला जाणारं तेल साफ तोडलं. असं करणारी अबुधाबी पहिलीच. संयुक्त अरब अमिराती स्थापन होऊन तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. अमेरिकेत पंपांवर रांगा लागल्या. 2 जानेवारी 1974 ला अध्यक्ष निक्सन यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्याने देशभर वेगाला ताशी 55 मैलांचा, म्हणजे सुमारे 88 किलोमीटरचा लगाम घातला. कमी वेगात पेट्रोल वाचतं, एवढं साधं तत्त्व त्यामागे होतं.

त्याआधी ही कला म्हणजे हौशी लोकांचा खेळ होता. 1936 मध्ये कॅलिफोर्नियात गिलमोर या तेल कंपनीने लॉस एंजेलिस ते योसेमिटी अशी कमी पेट्रोलात पोचण्याची शर्यत सुरू केली. 1939 मध्ये इलिनॉयमधल्या वुड रिव्हर इथे शेलच्या प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी आपसांत पैज लावली: एका गॅलनमध्ये कोण लांब जातो? जिंकणाऱ्याने पन्नास मैलांच्या आसपास मजल मारली, म्हणजे लिटरला एकवीस किलोमीटर. आजची शेल इको-मॅरेथॉन ही स्पर्धा त्याच पैजेतून वाढली. तेल विकणाऱ्यांनीच तेल वाचवण्याच्या शर्यती भरवाव्यात, यात जाहिरातीचा भाग किती आणि विज्ञानाचा किती, हे ज्याचं त्याने ठरवावं.

हिंदुस्थानात मात्र खेळ नव्हता, टंचाई होती. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग आलं तेव्हा मोटारींना आणि बसगाड्यांना कोळशाच्या गॅसची भट्टी जोडून त्या चालवल्या गेल्या. स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची ओढाताण होतीच. 1966 मध्ये पुण्यात ‘एआरएआय’ ही मोटारींची संशोधन संस्था उभी राहिली. पुढे कंपन्यांच्या जाहिरातींत मायलेजच्या आकड्याखाली तिचंच नाव येऊ लागलं. 1978 मध्ये पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था, म्हणजे ‘पीसीआरए’ आली. ताशी 45 ते 55 चा वेग ठेवा, सिग्नलला इंजिन बंद करा, हे तिने लोकांच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं. 1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100 बाजारात आली, ती तर मायलेजच्या जोरावरच खपली. आखातात नोकरीला निघालेल्या माणसाच्या पायात हे सगळं मुरलेलं होतं. स्वस्त पेट्रोलने काही वर्षं ते झोपवलं, एवढंच.

मुरलेलं सगळंच बरोबर होतं असं मात्र नाही. अल ऐनजवळ जबल हफीत नावाचा 1249 मीटर उंचीचा डोंगर आहे. त्याच्या अंगावरून सुमारे बारा किलोमीटरचा वळणावळणांचा रस्ता वर जातो. उतरताना बोरघाटात हात बसलेला एखादा जुना चालक गाडी न्यूट्रलमध्ये टाकतो, पेट्रोल वाचावं म्हणून. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या प्रीमियर पद्मिनीच्या काळात त्यात तथ्य होतं. कार्ब्युरेटर इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर पेट्रोल ओढतच राहायचा, त्यामुळे फेऱ्या कमी तर खर्च कमी. इंधन इंजेक्शनच्या गाडीत हिशेब उलटतो. गाडी गिअरमध्ये ठेवून पाय ॲक्सिलरेटरवरून पूर्ण उचलला की चाकंच इंजिन फिरवतात आणि संगणक इंजेक्टर बंद करतो. डॅशबोर्डवर त्या क्षणाचा खर्च दाखवायची सोय असेल तर काटा शून्यावर जाऊन बसलेला दिसतो. न्यूट्रल टाकलं की इंजिनाला स्वतःला जिवंत ठेवायला पुन्हा पेट्रोल प्यावं लागतं. शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो आणि जबल हफीतच्या उतारावर तापलेले ब्रेक ही चेष्टा नव्हे.

सपाट रस्त्यावर खरा शत्रू हवा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 120 वरून 140 वर गेलं की तो छत्तीस टक्क्यांनी जास्त होतो आणि 120 वरून 100 वर आलं की तीस टक्क्यांनी उतरतो. अमिरातीत हे गणित लोकांच्या सवयीशी भांडतं. दुबईत रडार मर्यादेच्या वर वीस किलोमीटरपर्यंत गप्प राहतो, म्हणून पाटीवरचा 120 चा आकडा पुष्कळांना 139 असाच वाचता येतो. अबुधाबीने ही वीसची सूट ऑगस्ट 2018 मध्ये काढून टाकली, पण पाट्यांवरच्या मर्यादा तेवढ्याच वाढवल्या. 2023 मध्ये तर तिथे शेख मोहम्मद बिन राशिद रस्त्यावर डावीकडच्या दोन लेनमध्ये किमान 120 चा नियम आला. हळू जाणाऱ्याला 400 दिरहम दंड. काटकसरी माणसाने उजवीकडे, ट्रकांच्या शेजारी सरकायचं. हा नियम एप्रिल 2025 मध्ये मागे घेतला.

टायरच्या हवेबद्दल सांगायचं तर वाळवंटाकडेच जावं लागतं. सुट्टीच्या दिवशी वाळूत गाडी घालणारे टायरमधली हवा पंधरा पीएसआयच्या आसपास उतरवतात. टायर पसरतो आणि वाळूत रुतत नाही. परत डांबरावर आल्यावर ती भरायची असते. घाईत अर्धवट भरून शंभरच्या वेगाने घर गाठणारे कमी नाहीत. अमेरिकी ऊर्जा खात्याच्या हिशेबाने हवा कमी असेल तर दर एका पीएसआयमागे मायलेज 0.2 टक्का घटतं. हे किरकोळ वाटेल, पण उन्हाळ्यातल्या तापल्या डांबरावर मऊ टायर फुटतो ते किरकोळ नसतं.

जिथे पेट्रोलचा भाव चढतो तिथे चमत्कारी यंत्रं विकणारे हजर होतात. 1930 च्या दशकात कॅनडातल्या विनिपेगच्या चार्ल्स पोग याने गॅलनला दोनशे मैल देणाऱ्या कार्ब्युरेटरचा बोभाटा केला. तो कुणालाच सिद्ध करता आला नाही. पुढे इंधनाच्या नळीवर बसवायची चुंबकं आली, हवेच्या नळीत फिरणारे पंखे आले. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने अशी शंभरहून अधिक उपकरणं तपासली आणि लक्षणीय फायदा देणारं एकही सापडलं नाही. 95 वर चालणाऱ्या गाडीत ‘सुपर 98’ हे वरच्या दर्जाचं पेट्रोल भरून मायलेज वाढेल ही समजूतही त्याच जातीची. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला काय भरायचं ते लिहिलेलं असतं.

या सगळ्या कसरतीला वेन गेर्डिस या अमेरिकी माणसाने 2004 मध्ये ‘हायपरमायलिंग’ असं नाव दिलं. त्यातली ट्रकच्या ढुंगणाला चिकटून जाण्याची युक्ती अमिरातीत करणं म्हणजे दंड आणि जीव दोन्ही पणाला लावणं. अशा लोकांच्या हाती पुष्कळदा हायब्रिड गाडी असे, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरी असलेली. हायब्रिड टॅक्सीचा प्रयोग दुबईच्या रस्ते व वाहतूक प्राधिकरणाने 2008 मध्येच सुरू केला होता, पेट्रोल स्वस्त असतानाच, हे विशेष. आता शहरात हात करून थांबवलेली टॅक्सी पुष्कळदा कॅमरी हायब्रिड असते. विमानतळावर रांगेत उभी असताना तिचा एसी बॅटरीवर चालतो, इंजिन अधूनमधून जागं होतं आणि पुन्हा झोपतं. बाहेर पंचेचाळीस अंश असले तरी चालकाला तासभर इंजिन घुमवत बसावं लागत नाही.